अण्णाभाऊंची मैना आणि चिखलातला हत्ती

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मले. शाळेशी संबंध जवळजवळ आलाच नाही. लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. तिथे हमाली केली, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. इतकं बहुतेकांना माहीत असतं. त्यांची गाणी तर आपल्याला तोंडपाठ असतात, पण त्यातल्या प्रतिमांपाशी आपण थांबत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली 'माझी मैना' ही छक्कड घ्या. वरवर पाहता पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. जामसंडे-देवगडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष गिरणगावात आणि बाई गावी, मनीऑर्डरची वाट बघत. अण्णाभाऊ आधी तिचं रूप मन लावून रंगवतात, ऐकणाऱ्याला विरहात गुंतवतात आणि शेवटी बेळगाव, कारवारची नावं घेतात. तेव्हा कळतं की मैना म्हणजे तुटलेला मराठी मुलूख. सीमाप्रश्नावरचं भाषण गिरणी कामगाराने ऐकलं असतं आणि विसरला असता. बायकोची आठवण तो विसरणार नव्हता. (महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला सीमादावा अजून सुटलेला नाही.)

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. पुराणातलं चित्र तेच ठेवलं, फक्त खालचा शेष काढून तिथे आपले हात ठेवले.

'जग बदल' हे गीत म्हणजे बाबासाहेबांचा निरोप. जयंतीला ते डीजेवर वाजतं, पोरं नाचतात, नाचावंच. पण त्यात चिखलात अडकलेला ऐरावत आहे. अण्णाभाऊंनी शोषितासाठी शेळी किंवा मुंगी निवडली नाही, इंद्राचा हत्ती निवडला. सरकारी कागदावर आपण 'दुर्बल घटक' असतो, म्हणजे दोष आपल्या अंगात. हत्ती म्हटलं की दोष चिखलाचा ठरतो. वस्तीत काम करताना मला हा फरक रोज दिसतो: दुर्बल म्हणवून घेणारा मुलगा अर्ज घेऊन रांगेत उभा राहतो, चिखल ओळखणारा प्रश्न विचारतो. धम्मपदाच्या नागवग्गातही चिखलात रुतलेल्या हत्तीचा दृष्टांत आहे, आणि तिथेही त्याने स्वतःच स्वतःला वर काढायचं आहे. बाहेरून कुणी दोर टाकायला येत नाही.

अण्णाभाऊंनी धम्मदीक्षा घेतली नव्हती, ते कम्युनिस्ट चळवळीतले होते. त्यावरून त्यांना 'आपले' म्हणावं की नाही, असा वाद काही जण घालतात. मला तो फुकाचा वाटतो. १९५९ ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांची बरीच वर्षं गेली. हलाखीत, १८ जुलै १९६९ रोजी ते वारले तेव्हा वयाची ४९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.