बाबासाहेब आणि थोडका वेळ



आपल्या शहराच्या उत्तरेला, विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्धलेणी आहेत. ती ज्या काळ्या दगडात कोरली, तो दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याच्यापुढं माणसाचं आयुष्य ते केवढं ! परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तर अवघी पासष्ट वर्षे मिळाली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. कोलंबिया, लंडन इथल्या पदव्या आपल्या पोराबाळांनाही पाठ आहेत, म्हणून ते सोडतो. पण मरण फार जवळून पाहिलेला हा माणूस. पोटची चार लेकरं लहानपणीच गेली. १९३५ साली माता रमाई गेल्या. अनित्य म्हणजे काय, हे त्यांना घरातच कळलं होतं. दुसरा कोणी खचला असता.

पुढं मधुमेहानं शरीर पोखरलं. पाय दुखायचे, नजर अधू झाली. आणि साठीला टेकलेल्या या माणसानं हाती काय घेतलं ? तर कॉलेज ! ज्याचं फळ दिसायला पिढी जावी लागते, असं काम. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला पुढं मिलिंद राजाचं नाव दिलं आणि परिसराला भन्ते नागसेनांचं. राजा प्रश्न विचारायचा, भन्ते उत्तर द्यायचे. प्रश्न विचारणारी पोरं घडावीत, हीच त्यामागं ओढ असावी. गावकुसाबाहेरची, घरात पहिल्यांदाच पाटी धरलेली पोरं इथं शिकून मोठी झाली.

आम्ही गिरणीवाले. पाळी सुटली की मागावरचं अर्धं कापड तसंच राहतं, पुढच्या पाळीचा कामगार तिथून सुरू करतो. बाबासाहेबांनी कॉलेज काढलं ते मला तसंच वाटतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा झाली. हाती उरले होते त्रेपन्न दिवस. त्यातही काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद केली. तथागतांचं महापरिनिर्वाण झालं त्या कुशीनगरलाही जाऊन आले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी उशाशी मागवून घेतले. झोपेतच प्राण गेला.

ग्रंथ १९५७ साली छापून निघाला. वर्षावासात आपल्या विहारात त्याचंच वाचन चालतं.