विश्लेषण : पोथीतला एक शब्द आणि श्रद्धेचा मान… डॉ. हिरालाल जैन यांनी वाद कसा हाताळला?

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही दिगंबर जैन परंपरेत श्रुतपंचमी म्हणून पाळली जाते. या दिवशी मंदिरांतील ग्रंथांची पूजा होते. ‘षट्खंडागम’ हा प्राचीन प्राकृत ग्रंथ याच तिथीला पूर्ण झाला, अशी श्रद्धा आहे. आज हा ग्रंथ हिंदी अनुवादासह छापील स्वरूपात कुणालाही वाचता येतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र भाविकांना त्याच्या ताडपत्रांचे केवळ दर्शन घेता येत असे. दर्शनापासून वाचनापर्यंतचा हा प्रवास सोपा नव्हता. धर्मग्रंथ छापावा का, गृहस्थाने तो वाचावा का आणि त्यातून परंपरेला न पटणारा अर्थ निघाला तर तो बोलून दाखवावा का, असे तीन प्रश्न वाटेत उभे राहिले. या तिन्ही प्रश्नांना तोंड देणारे संशोधक म्हणजे डॉ. हिरालाल जैन (१८९९-१९७३). त्यांच्या कामाची पायाभरणी वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे झाली.

कारंजाचाच संबंध कसा?

श्री नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून कारंजा दत्तभक्तांना परिचित आहे. त्याच गावात दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे आहेत. येथे भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि गाद्यांबरोबर पोथ्यांचे भांडारही वाढत गेले. संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश आणि जुन्या मराठीतील हस्तलिखिते पिढ्यानपिढ्या बासनात बांधून जपली गेली. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि पारंपरिक जैन शास्त्रांच्या अध्यापनाची सोय झाली. पोथ्या आणि त्या शिकवू शकणारे पंडित, दोन्ही एकाच गावात असल्याने अभ्यासकाला कारंजा गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हिरालाल जैन कोण होते?

आजच्या मध्य प्रदेशातील नरसिंहपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. जबलपूरला पदवी आणि अलाहाबादला संस्कृतमध्ये एम. ए. केल्यानंतर १९२५ मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात, म्हणजे नंतरच्या विदर्भ महाविद्यालयात, संस्कृतचे प्राध्यापक झाले. (मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध करणारे कटनीचे रायबहादूर हिरालाल हे वेगळे. नामसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत होते.)

कारंजाच्या भांडारात प्रा. जैन यांना अपभ्रंश भाषेतील काव्ये सापडली. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या मराठी, हिंदी, गुजराती यांच्या मधला दुवा. त्या काळी या भाषेतील फारच थोडे साहित्य छापले गेले होते. कारंजाहून अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झाले. पाठोपाठ जैन यांनी संपादित केलेले ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) हे ग्रंथ आले. ‘करकंडचरिउ’मध्ये तेरापूरच्या लेण्यांचे वर्णन आहे. ती लेणी म्हणजे तेरजवळची धाराशिवची लेणी, हे जैन यांनी दाखवून दिले.

यातील ‘पाहुडदोहा’ आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. रामसिंह मुनींच्या या दोह्यांत पोकळ पांडित्य, तीर्थयात्रा, मूर्तिपूजा आणि मुंडन यांवर बोचरी टीका आहे. ती करणारा परका कुणी नसून स्वतः मुनी आहे. बाह्य आचारावर कठोर बोलण्याची मुभा परंपरेच्या पोटातच होती, याचा हा पुरावा कारंजाच्या ग्रंथमालेने छापला.

ग्रंथ छापण्याला विरोध का होता?

अपभ्रंश काव्ये छापणे तुलनेने सोपे होते. ‘षट्खंडागम’ हा मात्र दिगंबर परंपरेचा सिद्धांतग्रंथ. आचार्य धरसेनांचे शिष्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी तो रचला आणि नवव्या शतकात वीरसेनांनी त्यावर ‘धवला’ ही विस्तृत टीका लिहिली, असे परंपरा सांगते. टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या मठात जुन्या कन्नड लिपीत जपलेली होती.

विरोधाची कारणे दोन प्रकारची होती. पहिले अहिंसेचे आणि पावित्र्याचे. छापखान्यातील शाई व सरसात प्राणिज पदार्थ असतील, छापलेली पाने पायदळी येतील, रद्दीत जातील, ही भीती होती. दुसरे कारण अधिकाराचे. सिद्धांतग्रंथ मुनींसाठी आहेत, गृहस्थांनी ते वाचू नयेत, असे मानणारा पंडितांचा वर्ग होता. या भावना खोट्या नव्हत्या. ज्यांनी परचक्र, वाळवी आणि ओल यांपासून शतकानुशतके ताडपत्रे वाचवली, त्यांच्या दृष्टीने जपणे आणि झाकून ठेवणे यांत फरक उरला नव्हता.

मग ग्रंथ बाहेर आला कसा?

सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद पानाचंद यांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताडपत्रांची नक्कल करण्यास मूडबिद्रीत परवानगी मिळाली. ताडपत्रे जीर्ण होत असल्याने दुसरी प्रत हवी, हे पंचांना पटले होते. प्रत मठाबाहेर जाऊ नये, अशी मात्र अट होती. नक्कल करणाऱ्यांपैकी एकाने गुपचूप आणखी एक प्रत तयार केली. ती उत्तरेत सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून झालेल्या नकला आरा, अमरावती, कारंजा अशा ठिकाणी गेल्या.

म्हणजेच जैन यांच्या हाती आलेल्या प्रतींमागे एक मोडलेली अट होती. मूळ ताडपत्रे सुरुवातीला मिळाली नाहीत. तेव्हा अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती एकमेकींशी ताडून त्यांनी काम सुरू केले. या प्रती कशा बाहेर आल्या, तो इतिहास त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे सांगितला. विरोधकांची तक्रार या मुद्द्यावर रास्त होती, हे आज मान्य करायला हवे. त्याचबरोबर आधीच चार ठिकाणी पोहोचलेल्या, चुकांनी भरलेल्या नकलांपेक्षा एक शुद्ध, तपासलेली आवृत्ती ग्रंथाचा अधिक मान राखते, हा जैन यांच्या बाजूचा मुद्दाही तेवढाच वजनदार होता.

संपादनात कोणती पथ्ये पाळली?

विदिशाचे श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या निधीने १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला भाग प्रसिद्ध केला. सुमारे वीस वर्षांत १६ भाग पूर्ण झाले. जैन एकटे नव्हते. पं. फूलचंद्र, पं. हिरालाल आणि पं. बालचंद्र हे शास्त्री, कारंजाच्या आश्रमातील पं. देवकीनंदन शास्त्री आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांची साथ होती. विद्यापीठीय पद्धत आणि पारंपरिक पांडित्य यांना त्यांनी एकाच मेजावर बसवले.

पथ्ये साधी होती. मूळ पाठ जसा मिळाला तसा छापायचा. आपला तर्क तळटिपेत द्यायचा, पाठात मिसळायचा नाही. गृहस्थाला सिद्धांतग्रंथ वाचण्याचा अधिकार आहे का, हा आक्षेप टाळायचा नाही, त्यावर शास्त्राधारे लिहायचे. वाचकांनी कळवलेल्या शंका पुढील भागांच्या प्रस्तावनांत छापून त्यांची उत्तरे द्यायची.

‘संजद’ या शब्दावरून एवढे वादळ का?

पहिल्या भागातील ९३ वे सूत्र स्त्रियांविषयी आहे. आध्यात्मिक प्रगतीच्या १४ पायऱ्या, म्हणजे गुणस्थाने, यांपैकी काहींचा त्यात उल्लेख येतो. टीका आणि ग्रंथातील इतर सूत्रे पाहता येथे ‘संजद’ (संयत, म्हणजे महाव्रते पाळणारा साधक) हा शब्द नकलकाराच्या हातून गळला असावा, असे संपादकांना वाटले. त्यांनी तशी तळटीप दिली.

शब्द एकच, पण त्याने मर्मावर बोट ठेवले. स्त्रीदेहातून मोक्ष मिळत नाही, अशी दिगंबर धारणा आहे. श्वेतांबर तो मिळतो असे मानतात. सूत्रात ‘संजद’ असेल तर स्त्रीला पूर्ण संयमाची पायरी खुली होते. संपादक परधार्जिणे आहेत, ग्रंथ भ्रष्ट करत आहेत, असे आरोप झाले. सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या.

निकाल लावला तो ताडपत्रांनीच. पुढील भागांचे काम सुरू असताना मूडबिद्रीचे भट्टारक आणि विश्वस्त यांनी प्रती ताडून पाहण्यास सहकार्य दिले. तेथील ताडपत्रात ‘संजद’ शब्द आढळला. ज्यांची अट एकदा मोडली गेली होती, त्यांनीच विश्वासाने दार उघडले.

महत्त्वाची बाब अशी की, पाठ सिद्ध झाला तरी अर्थावरचा मतभेद संपला नाही. येथे ‘स्त्री’ म्हणजे शरीराने स्त्री नव्हे, तर भावाने स्त्री असे समजावे, म्हणजे शब्द राहतो आणि सिद्धांतालाही बाधा येत नाही, असा अर्थ अनेक दिगंबर पंडितांनी लावला. पुराव्याने शब्द ठरवला. त्यावर श्रद्धा कशी ठेवायची, हे श्रद्धावानांकडेच राहिले.

१९४४ मध्ये काय घडले?

बनारसच्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत जैन यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. स्त्रीचा मोक्ष, वस्त्रधारी साधूचा मोक्ष आणि केवलज्ञानी पुरुषाचा आहार या तीन मुद्द्यांवर दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात मुळात भेद होता का, असा प्रश्न त्यांनी निबंधातून विचारला. जुन्या दिगंबर ग्रंथांत हे मुद्दे निषिद्ध दिसत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. या वेळी तळटिपेची आड नव्हती. समाजात प्रक्षोभ उसळला. मुंबईच्या दिगंबर जैन समाजाने पंडितांकडून खंडने मागवून ती पुस्तकरूपाने छापली. ‘रत्नकरंड श्रावकाचार’ हा ग्रंथ आचार्य समंतभद्रांचाच का, या प्रश्नावरही पं. दरबारीलाल कोठिया यांच्याशी त्यांचा ‘अनेकान्त’ मासिकातून दीर्घ वाद झाला.

निबंधाचे उत्तर निबंधाने आणि ग्रंथाचे ग्रंथाने दिले गेले. जैन यांचे काही निष्कर्ष अनेक अभ्यासकांनी कधीच मान्य केले नाहीत. तरीही ‘धवला’चे पुढील भाग निघत राहिले आणि ज्यांना त्यांची मते खटकत होती, तेही त्यांच्याच आवृत्तीतून दाखले देत राहिले.

कायदा काय सांगतो?

‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर १९२७ मध्ये भारतीय दंडविधानात कलम २९५ अ आले. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ आहे. जाणीवपूर्वक आणि द्वेषबुद्धीने धार्मिक भावना दुखावणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. केवळ कुणाला वाईट वाटले, एवढे पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरवतानाही द्वेषबुद्धीच्या अटीवर भर दिला. संविधानाचा अनुच्छेद १९ अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अशा ठरावीक कारणांसाठीच त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो. कायद्याची रेषा हेतूवरून आखली जाते. मात्र हेतू सिद्ध करण्याची वेळ येण्याआधीच तो आपल्या वागण्यातून दाखवता येतो, हे जैन यांच्या संपादनातून दिसते.

पुढील आयुष्य आणि आजचा धडा

अमरावतीनंतर जैन नागपूरला गेले. १९५५ मध्ये बिहारमधील वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे ते संचालक झाले आणि नंतर जबलपूर विद्यापीठात संस्कृतचे विभागप्रमुख होते. भारतीय संस्कृतीतील जैन धर्माच्या योगदानावरील त्यांची व्याख्याने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

श्रद्धा आणि अभिव्यक्ती यांच्या वादात आज बहुधा दोनच मागण्या ऐकू येतात : बोलू नका, किंवा वाटेल ते बोलू द्या. हिरालाल जैन यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही आणि दुसऱ्याच्या पवित्र ग्रंथात स्वतःचा शब्दही घुसडला नाही. पाठ कोणता आणि मत कुणाचे, हे त्यांनी वाचकाला वेगवेगळे दाखवले. त्यांच्या टीकाकारांनीही बंदीची नव्हे, खंडनाची वाट धरली. कारंजाच्या पोथ्या ज्या श्रद्धेने जपल्या गेल्या, त्याच श्रद्धेने त्या उघडताही येतात, एवढे या उदाहरणावरून नक्की म्हणता येते.