जगदीशचंद्र बोस आणि गाणं ऐकणारी झाडं

विज्ञान प्रदर्शन आलं की दोन कुंड्यांचा एक प्रयोग हमखास असतो. एका कुंडीजवळ गाणी लावायची, दुसरी शांत ठेवायची. मागच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं की झाडांना संगीत आवडतं हे जगदीशचंद्र बोस यांनी सिद्ध केलं. मुलं ते पाठही करतात. बोसांनी खरं काय केलं ते मात्र राहूनच जातं.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी आधी गावच्या बंगाली शाळेत घातलं. तिथे कोळ्याची, शेतकऱ्याची मुलं त्याच्या शेजारी बसत. (मातृभाषेतल्या शाळेबद्दल विचारणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा.) पुढे केंब्रिजला शिकून ते १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा पगार कमी, म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. घरावर कर्ज होतं, तरीही! शेवटी पूर्ण पगार मागील बाकीसकट मिळाला.

सुरुवातीचं काम विद्युत लहरींवर होतं. नंतर ते वनस्पतींकडे वळले. लाजाळूला हात लावला की ती मिटते, हे आपण सगळेच बघतो. पण स्पर्शानंतर किती वेळाने मिटते? थंडीत वेळ वाढतो का? विष दिलं तर? बोस असे प्रश्न विचारत आणि उत्तर यंत्राकडून लिहून घेत. वाढ मोजायला त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. झाडाची वाढ तरफांनी सुमारे १० हजार पट मोठी होऊन काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांनी उमटायची. खत, उजेड, विजेचा झटका यांचा परिणाम काही मिनिटांत दिसे.

त्यांच्या ग्रंथांत भर आहे तो स्पर्श, उष्णता, प्रकाश, वीज आणि रसायनं यांवर. संगीताची कीर्ती त्यांच्या नावाला लोकांनी जोडली. इंग्लंडमधल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना बराच विरोध केला. १९१७ मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी आपल्या नागपुरात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आणि अध्यक्ष होते बोसांचे सहकारी प्रफुल्लचंद्र राय. बोस २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे वारले.

संगीताचे गाजलेले प्रयोग त्यानंतरचे. अण्णामलाई विद्यापीठातले टी. सी. सिंग यांनी झाडांना व्हायोलिन वगैरे ऐकवून वाढ जास्त झाल्याचं सांगितलं. पण शास्त्रज्ञांना ते पुरेसं पटलेलं नाही. आवाजाची कंपनं झाडाला जाणवतात असं काही नवे प्रयोग दाखवतात, पण जाणवणं वेगळं आणि गाणं आवडणं वेगळं.

तेव्हा प्रयोग जरूर करू द्या, फक्त बोसांच्या शिस्तीने. एकेकच कुंडी नको, दोन्हीकडे दहा-दहा तरी हव्यात. बी, माती, पाणी सारखं. नागपूरच्या उन्हात खिडकीपासूनचं अंतरसुद्धा सारखं, नाहीतर गाण्याचं श्रेय उन्हाला जायचं! गाणं कुठल्या कुंड्यांना लावलं हे पट्टीने मोजणाऱ्या मुलाला सांगू नका. आणि फरक दिसला नाही, तर तक्त्यावर तसंच लिहू द्या.