थॉमस योहान सीबेक

थॉमस योहान सीबेक (९ एप्रिल, १७७० – १० डिसेंबर, १८३१) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकांशी जोडून त्यांचे दोन जोड वेगवेगळ्या तापमानांना ठेवले, तर त्या मंडलात विद्युत प्रवाह वाहतो. सीबेक परिणाम या नावाने ओळखला जाणारा हा आविष्कार त्यांनी १८२१ साली शोधला. जेथे पाऱ्याचा तापमापक टिकत नाही, अशा भट्ट्यांमध्ये आणि टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारगाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये तापमान मोजणारे तपयुग्म, म्हणजेच थर्मोकपल, याच परिणामावर चालते. स्वतः सीबेक यांनी मात्र या शोधाचा विजेशी असलेला संबंध मान्य केला नाही.

जन्म आणि शिक्षण

सीबेक यांचा जन्म रेव्हाल येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेले हे बंदर आज टॅलिन या नावाने एस्टोनियाची राजधानी आहे. बर्लिन आणि ग्योटिंगेन येथे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १८०२ साली ग्योटिंगेन विद्यापीठाची वैद्यकातील पदवी मिळवली. तथापि त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. घरच्या संपत्तीमुळे उपजीविकेची चिंता नव्हती, त्यामुळे विद्यापीठात नोकरी न धरता त्यांना स्वतंत्रपणे संशोधन करता आले.

येना आणि न्युरेंबर्ग

१८०२ ते १८१० या काळात सीबेक येना येथे राहिले. तेथील विद्वानांच्या वर्तुळात रिटर, शेलिंग, हेगेल आणि ग्योटे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. ग्योटे यांच्या वर्णविषयक संशोधनाला त्यांनी प्रयोगांची जोड दिली आणि १८१० साली प्रसिद्ध झालेल्या वर्णसिद्धांतावरील ग्रंथात सीबेक यांच्या प्रयोगांचा वृत्तान्त समाविष्ट झाला. ओलसर सिल्व्हर क्लोराइडवर वर्णपटाचा प्रकाश टाकला असता ते जवळपास त्या त्या रंगाच्या छटा धारण करते, असे त्यांनी त्यात नोंदवले होते. दागेर यांची छायाचित्रण पद्धती १८३९ साली जाहीर झाली हे लक्षात घेतले, तर या निरीक्षणाचे महत्त्व ध्यानी येते; परंतु सीबेक यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही.

पुढे न्युरेंबर्ग येथे त्यांनी ताण असलेल्या काचेतील प्रकाशाच्या ध्रुवणाचा अभ्यास केला. या कामासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८१६ साली त्यांना डेव्हिड ब्रूस्टर यांच्यासह पारितोषिक दिले. १८१८ साली ते बर्लिनला स्थायिक झाले व तेथील अकादमीत काम करू लागले. ग्योटे यांच्याशी असलेला स्नेह त्यानंतर ओसरला.

१८२१ चा प्रयोग

विद्युत प्रवाहाजवळ चुंबकसूची वळते, हे डेन्मार्कमधील हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांनी १८२० साली दाखवले आणि युरोपातील प्रयोगशाळांमध्ये चुंबकत्वाच्या प्रयोगांना उधाण आले. सीबेकही त्यांपैकीच एक. तांबे व बिस्मथ यांच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडून त्यांनी एक बंद मंडल तयार केले व आत चुंबकसूची ठेवली. मंडलात कोठेही विद्युत घट नव्हता. तरीही एक जोड हाताने दाबून धरताच सूची वळली.

हाताचा ओलावा, दाब की उष्णता, यांपैकी कारण कोणते हे ठरवणे आवश्यक होते. पडताळणीनंतर त्यांनी उष्णता हे उत्तर काढले. दोन जोडांच्या तापमानांत फरक असेल तोवर सूची वळलेली राहते, फरक नाहीसा झाला की ती मूळ जागी येते आणि गरम व थंड जोडांची अदलाबदल केली की उलट दिशेला वळते. त्यानंतर सीबेक यांनी अनेक धातू, मिश्रधातू व खनिजे तपासून त्यांची क्रमवार मालिका लावली. बिस्मथ आणि अँटिमनी या मालिकेत एकमेकांपासून फार दूर आहेत. तिच्यात शिशाच्या सल्फाइडासारखी, आज अर्धसंवाहक म्हणून ओळखली जाणारी खनिजेही होती. प्रयोगकर्ता म्हणून त्यांची चिकाटी या मालिकेत जितकी दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

नावाचा वाद

या निरीक्षणांचा अर्थ मात्र त्यांनी वेगळाच लावला. तापमानातील फरकामुळे धातू थेट चुंबकित होतात, असे त्यांचे मत होते आणि अकादमीच्या प्रकाशनातील आपल्या निबंधालाही त्यांनी चुंबकीय ध्रुवणाचेच नाव दिले. विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानांतील फरकातून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होत असावे, येथवर त्यांनी ही कल्पना नेली. अर्स्टेड यांनी तपविद्युत ही संज्ञा सुचवली. चुंबकसूची वळवणारा मूळ घटक विद्युत प्रवाह असून चुंबकत्व हा त्याचा परिणाम आहे, ही त्यांची भूमिका होती. मंडल एका जागी तोडले तरी सूचीचे वळणे थांबते, ही गोष्ट याच मताला पुष्टी देणारी होती. सीबेक यांनी ती संज्ञा अखेरपर्यंत स्वीकारली नाही.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या शोधाचा उपयोग विजेच्या अभ्यासासाठी होऊ लागला. त्या काळातील विद्युत घटांचा दाब सतत बदलत असे. म्हणून गेओर्ग ओम यांनी तांबे-बिस्मथ तपयुग्माचा एक जोड उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर प्रवाह मिळवला. १८२६ साली मांडलेला त्यांचा नियम या मोजमापांवर उभा आहे. सीबेक यांचे पुत्र आउगुस्ट हेही भौतिकशास्त्रज्ञ होते. १८४० च्या दशकात ध्वनीच्या स्वरूपावरून त्यांचा याच ओम यांच्याशी वाद झाला. तो पाहण्यास वडील हयात नव्हते. त्यांचे १८३१ साली बर्लिन येथे निधन झाले.

मोटारगाडीतील तपयुग्म

आंरी ल शातेलिए यांनी १८८६ साली प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम यांचे तपयुग्म वापरून उच्च तापमानाचे भरवशाचे मापन शक्य केले. मोटारगाडीच्या एक्झॉस्टमध्ये सहसा स्वस्त असे के-प्रकारचे तपयुग्म असते. त्यात क्रोमेल व अ‍ॅल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या तारा असतात आणि तापमानातील दर अंश सेल्सिअस फरकामागे त्यांत सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट दाब निर्माण होतो. टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनावर मोठा भार आला, की बाहेर पडणारा वायू ९०० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. तापमान त्याहून फार चढले तर टर्बाइनची पाती, झडपा व पिस्टन यांना धोका पोहोचतो.

संवेदक टर्बाइनच्या आधी, मॅनिफोल्डमधील नळ्या एकत्र येतात तेथे बसवणे अधिक उपयुक्त ठरते. टर्बाइन वायूतील ऊर्जा काढून घेते, त्यामुळे तिच्यानंतरचे तापमान बरेच कमी असते आणि हा फरक भारानुसार बदलतो. भोक पाडून आटे पाडताना मॅनिफोल्ड उतरवून घेणे श्रेयस्कर, कारण आत राहिलेला धातूचा कीस पुढे टर्बाइनच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळतो. संवेदकाचे टोक नळीच्या मध्याजवळ, वायूच्या प्रवाहात असावे लागते. ते भिंतीलगत राहिल्यास आकडा कमी दिसतो.

तारांची जोडणी करताना सीबेक यांच्या मालिकेचे व्यावहारिक महत्त्व कळते. संवेदकापासून मापकापर्यंत त्याच मिश्रधातूंची किंवा त्यांना अनुरूप अशी तार न्यावी लागते. मध्येच तांब्याची तार जोडली, तर तापमापनाचा थंड जोड इंजिनच्या उष्णतेत येऊन बसतो. दोन तारांची अदलाबदल झाल्यास सूचीप्रमाणेच मापकाचा काटाही उलट दिशेला सरकतो. अमेरिकी रंगसंकेतात लाल तार ऋण असते. तांबडा रंग म्हणजे धन, या सवयीने जोडणाऱ्याकडून येथे हमखास चूक होते.

तपयुग्म प्रत्यक्ष तापमान दाखवत नाही. ते दोन जोडांमधील फरक दाखवते. डॅशबोर्डमागील थंड जोड ४० अंशांवर असेल आणि मापकात त्याची भरपाई केलेली नसेल, तर ९०० अंशांचा वायू सुमारे ८६० अंशांचा भासतो. शिवाय प्राणवायू कमी असलेल्या तप्त वायूत क्रोमेलमधील क्रोमियमचे निवडक ऑक्सिडीभवन होते, तार हिरवट पडते आणि दाब घटतो. असा जुना संवेदक खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो, म्हणून काटा सुरक्षित खुणेच्या आत असतानाही इंजिन जळू शकते.