अटलांटाच्या टेकडीवरचा समाजशास्त्रज्ञ : डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेले आपले तरुण दक्षिणेतील अटलांटा शहरात पोहोचले की ऑबर्न अव्हेन्यूवर जातात. तिथल्या 501 क्रमांकाच्या घरात 1929 साली मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर जन्मले. जवळच एबेनेझर चर्च आणि त्यांची समाधी आहे. हे सारे पाहायलाच हवे. पण याच शहराच्या पश्चिमेला एका टेकडीवर फाउंटन हॉल नावाची लाल विटांची इमारत उभी आहे. 1882 मध्ये बांधलेल्या आणि पूर्वी स्टोन हॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या इमारतीत अटलांटा विद्यापीठ चालत असे. पुढे ती बरीच वर्षे बंद आणि दुरवस्थेत राहिली. किंग यांच्या जन्माच्या तीन दशके आधी विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस इथे बसून काम करत होते.

डू बॉइस 23 फेब्रुवारी 1868 रोजी उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मले. दक्षिणेतील फिस्क विद्यापीठात ते शिकले आणि 1895 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. एवढे शिकूनही गोऱ्यांच्या कोणत्याही मोठ्या विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. 1897 मध्ये ते अटलांटा विद्यापीठात आले. तिथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून कृष्णवर्णीय समाजाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. आरोग्य, शाळा, व्यवसाय, कुटुंब, चर्च असा दरवर्षी एक विषय घ्यायचा, माहिती गोळा करायची, परिषद भरवायची आणि अहवाल छापायचा, अशी शिस्त त्यांनी लावली. मागासलेपण रक्तात असते हा गोऱ्यांचा दावा त्यांनी भाषणाने नव्हे, तर आकड्यांनी खोडून काढला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे 60 रंगीत तक्ते हाताने काढले. जमीन, साक्षरता, रोजगार यांची स्थिती त्यात मांडली होती. या कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले.

पण शहर त्यांना रोज त्यांची जागा दाखवत होते. ट्राममध्ये कृष्णवर्णीयांना वेगळे बसावे लागे, म्हणून ते ट्राममध्ये चढणेच टाळत. एप्रिल 1899 मध्ये अटलांटाजवळ सॅम होज या शेतमजुराला जमावाने जिवंत जाळले. या अत्याचाराविषयी शांतपणे लिहिलेले निवेदन घेऊन डू बॉइस वर्तमानपत्राच्या कचेरीकडे पायी निघाले होते. वाटेत त्यांना कळले की होजच्या बोटांची हाडे एका दुकानात दर्शनी ठेवली आहेत. ते तिथूनच मागे फिरले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला. जॉर्जियाच्या मातीत त्याला पुरायचे नाही असे ठरवून आईवडील त्याला उत्तरेला घेऊन गेले. केवळ संशोधन करून न्याय मिळत नाही, हे डू बॉइस यांना याच काळात उमगले.

सप्टेंबर 1906 मध्ये अटलांटात गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांवर हल्ले केले आणि अनेकांचे जीव घेतले. त्यावेळी डू बॉइस अलाबामात सर्वेक्षण करत होते. ते तातडीने परतले आणि बायको-मुलीच्या रक्षणासाठी बंदूक घेऊन घराच्या पायरीवर बसले. या हिंसेनंतर शहराच्या मध्यभागातले कृष्णवर्णीयांचे अनेक व्यवसाय ऑबर्न अव्हेन्यूकडे सरकले. आज आपण ज्या गल्लीला अभिमानाने भेट देतो, तिच्या भरभराटीमागे हा मारही आहे. विद्यापीठाच्या टेकडीजवळच हर्नडन यांचे घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. गुलाम म्हणून जन्मलेले आणि न्हाव्याचे काम करून पुढे आलेले अलोन्झो हर्नडन यांनी अटलांटा लाइफ ही विमा कंपनी उभी केली. या तिन्ही जागा एकत्र पाहिल्या की एका समाजाने ज्ञान, पैसा आणि आंदोलन यांची सांगड कशी घातली ते समजते.

1909 मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांत डू बॉइस होते. 1910 मध्ये अटलांटा सोडून त्यांनी ‘द क्रायसिस’ हे तिचे मासिक सुरू केले आणि 24 वर्षे त्याचे संपादन केले. 1934 मध्ये ते पुन्हा अटलांटाला परतले. दहा वर्षांनी विद्यापीठाने त्यांना सक्तीने निवृत्त केले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढे जात असल्याचे कळल्यावर 1946 मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य बाबासाहेबांनी त्यात नोंदवले होते. डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. अखेरच्या काळात ते घानाला गेले आणि 27 ऑगस्ट 1963 रोजी, वयाच्या 95 व्या वर्षी, अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनचा तो ऐतिहासिक मोर्चा निघाला.

आपण स्मारकांसाठी लढतो आणि ते योग्यच आहे. पण डू बॉइस यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांचे अहवाल आणि तक्ते. बाबासाहेबांनीही 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे आकडेवारीसह बाजू मांडली होती. आज आपल्या किती वस्त्यांची अशी नोंद आपल्याकडे आहे? किती मुली दहावीनंतर शाळा सोडतात, किती कुटुंबांकडे घराची कागदपत्रे आहेत, गटारात उतरणाऱ्यांपैकी किती जण कंत्राटी आहेत, हे विचारले तर आपण बहुतेक वेळा अंदाज सांगतो. पुनर्विकासात चाळी पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर चळवळीच्या आठवणीही जात आहेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक विहाराने एक वही, चार तरुण आणि एक प्रश्नावली घेऊन आपल्या वस्तीची पाहणी करावी. अन्यायाची तक्रार घेऊन दारात उभे राहताना हातात ती वही असली पाहिजे.