घाट चढताना तुमच्या गाडीचा क्रँक तुटत का नाही? या माणसाने ११५ वर्षांपूर्वी उत्तर शोधलं होतं

खोपोली सोडली की गाडीला धाप लागते. आत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर बोरघाट. लोणावळ्याला पोचेपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची चढायची असते. तेव्हा इंजिनच्या आत क्रँकशाफ्ट नावाचा जाडजूड दांडा ओला टॉवेल पिळावा तसा पिळला जात असतो. डोळ्याला दिसणार नाही इतका थोडा, पण मिनिटाला हजारो वेळा.

तरी तो तुटत नाही, कारण त्याच्या पुढच्या टोकाला एक जड चकती बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला क्रँक पुली म्हणतात, इंजिनीअर डॅम्पर म्हणतात. तिच्यामागचं डोकं होतं फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज माणसाचं.

लँचेस्टरचा जन्म १८६८ चा, लंडनचा. वडील आर्किटेक्ट. पोराने इंजिनीअरिंग शिकलं, पण पदवी काही घेतली नाही. बर्मिंगहॅमला गॅस इंजिनच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथेच एकामागोमाग एक पेटंट घ्यायला सुरुवात केली.

१८९६ मध्ये त्याची पहिली मोटार रस्त्यावर आली. त्या काळात बरेच जण घोडागाडीलाच इंजिन जोडत होते. लँचेस्टरने मात्र सगळी गाडी कोऱ्या कागदावरून काढली. एका सिलिंडरचं इंजिन फार थरथरतं म्हटल्यावर त्याने उलट-सुलट फिरणारे दोन क्रँक असलेलं नवं इंजिन बनवलं. थरथर हा या माणसाचा आयुष्यभराचा शत्रू होता, असं म्हटलं तरी चालेल.

१८९९ मध्ये भावांना सोबत घेऊन कंपनी काढली. १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. (हो, तोच डिस्क ब्रेक, जो आज तुमच्या बाईकलाही आहे.) गाड्या उत्तम होत्या, पण पैशांचं गणित जमलं नाही आणि १९०४ मध्ये कंपनी अडचणीत येऊन नव्याने उभी करावी लागली. पुढे आपल्याकडच्या संस्थानिकांनीही या गाड्या घेतल्या. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो ते नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी लँचेस्टरचे मोठे गिऱ्हाईक होते.

आता मुद्द्यावर येऊ. १९१० च्या सुमारास लँचेस्टर डेमलर कंपनीचा सल्लागार होता. तेव्हा सहा सिलिंडरची लांब इंजिनं नवी होती आणि ठरावीक वेगाला ती भयंकर खडखडायची. कधी क्रँकही तुटायचा. रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइसही याच दुखण्याशी झुंजत होते.

लँचेस्टरने ओळखलं की पोलादी क्रँक हा खरं तर एक स्प्रिंग आहे. प्रत्येक स्फोट त्याला पीळ देतो, मग तो उलटा सुटतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्के दिले की झोका वाढत जातो, तसाच हा पीळ ठरावीक वेगाला वाढत जातो. उपाय म्हणून त्याने क्रँकच्या टोकाला एक छोटं फ्लायव्हील बसवलं, पण घट्ट नाही. मध्ये चकत्या आणि तेल. क्रँक एकसारखा फिरला तर फ्लायव्हील सोबत फिरणार. क्रँकने हिसका दिला की ते मागे रेंगाळणार, चकत्यांमधलं तेल घासणार आणि हिसक्याची उष्णता होऊन जाणार.

आजच्या बहुतेक कारमध्ये तेलाऐवजी रबर असतं. आतला हब, बाहेरची जड रिंग आणि मध्ये चिकटवलेलं रबर. ते त्या-त्या इंजिनच्या हिशेबाने ठरवलेलं असतं, म्हणून 'साईज सेम आहे, बसेल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

रबर उष्णतेने, तेलाच्या गळतीने आणि वयाने मरतं. पट्टा किंचाळतो, पुली डुगडुगते, आयडलला धडधड वाढते. घाटात जायच्या आधी हे बघून घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना टॉर्च मारा. रबराला भेगा आहेत का, ते बाहेर फुगलंय का? मग हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. चार दिवस गाडी चालवून परत बघा. रेघ तुटून दोन्ही तुकडे सरकले असतील तर रिंग घसरतेय, पुली बदलायची. चालू इंजिनजवळ हात, ओढणी, सैल बाही नको.

बदलण्याचं काम मेकॅनिकचंच, पण तुम्ही बघत उभे राहा. पुलर हबला लागला पाहिजे, बाहेरच्या रिंगला धरून ओढलं तर रबर फाटतं. नवी पुली हातोड्याने ठोकून बसवायची नाही. मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्यायचं आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा. हे टाळत राहिलात तर पट्टा निसटून चार्जिंग बंद पडतं, स्टिअरिंग जड होऊ शकतं, आणि फारच दुर्लक्ष झालं तर क्रँकच जातो. बोरघाटात ट्रकच्या रांगेत असं व्हायला नको.

लँचेस्टर मोटारींवर थांबला नाही. विमानाचा पंख उचल कशी देतो यावर त्याने १९०७ मध्ये पुस्तक लिहिलं. युद्धात सैन्यसंख्येचा परिणाम मोजणारी त्याची समीकरणं आजही शिकवली जातात. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. याच संस्थेने १८९७ मध्ये त्याचा उड्डाणावरचा निबंध नाकारला होता!

पैसा मात्र हाताला लागला नाही. १९३१ मध्ये लँचेस्टर कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली. त्याला पार्किन्सन्सने गाठलं, नजर गेली, हात आखडला. ८ मार्च १९४६ ला बर्मिंगहॅममध्ये तो वारला.

चार सिलिंडरची थरथर मारायला त्याने दुप्पट वेगाने उलट फिरणाऱ्या दोन शाफ्टची कल्पनाही मांडून ठेवली होती. १९७० च्या दशकात मित्सुबिशीने ती नव्याने गाड्यांत आणली आणि पुढे पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरली.