सर हंफ्री डेव्ही व जहाजांचें तांबें

पुलगांवच्या पावसाळ्यांत उघडा राहिलेला विळा थोड्याच दिवसांत गंजून तांबूस होतो. पण छपरावरील जस्ती पत्रा वर्षानुवर्षें टिकतो. लोखंडाचा पाणी व प्राणवायु यांच्याशीं संयोग होऊन गंज उत्पन्न होतो, हें आपण जाणतों. परंतु एका धातूनें स्वतः झिजून दुसऱ्याचें रक्षण करावें, ही युक्ति शास्त्रीय रीतीनें प्रथम मांडणाऱ्या सर हंफ्री डेव्ही याचें चरित्र जाणून घेण्यासारखें आहे.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजीं इंग्लंडांतील पेन्झान्स गांवीं झाला. पांच भावंडांत तो थोरला. वडील लांकडावर नक्षीकाम करीत. ते १७९४ सालीं वारले. पुढील वर्षीं हंफ्री एका वैद्याकडे उमेदवारीस राहिला व स्वतःच्या वाचनानें रसायनशास्त्र शिकला. १८०१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्याची नेमणूक झाली. तेथें विजेच्या साहाय्यानें त्यानें १८०७ सालीं पोटॅशियम व सोडियम हे धातु प्रथमच वेगळे केले. १८१५ सालीं त्यानें खाणींतील मजुरांसाठीं सुरक्षित दिवा तयार केला, आणि १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

त्या काळीं लांकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे मढवीत. मुंबईच्या गोदींतील सागवानी जहाजेंही अशींच मढविलेलीं असत. पण खारें पाणी तें तांबें खाऊन टाकी. इंग्रज आरमारानें १८२३ सालीं यावर उपाय विचारला. दोन धातु एकमेकांस लावून खाऱ्या पाण्यांत ठेविले असतां त्यांचा विजेचा घट बनतो; अधिक क्रियाशील धातु झिजतो व दुसरा वांचतो, हें डेव्हीनें ओळखिलें. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेंव्या हिश्शाइतकें लोखंड किंवा जस्त जोडिलें तरी तांबें सुरक्षित राहतें, असें त्यानें १८२४ सालीं प्रयोगानें दाखविलें.

कोचीन येथें बांधलेल्या समरांग नांवाच्या जहाजावरही हा प्रयोग झाला. तांबें वांचलें, परंतु तळाला शेवाळ व शिंपले चिकटून जहाजांची गति मंदावूं लागली. विरघळणारें तांबेंच आजवर त्या जीवांस विषासारखें दूर ठेवीत होतें. झीज थांबतांच तें विषही थांबलें! आरमारानें १८२५ सालीं हे तुकडे काढविले. डेव्हीचा उपहास झाला. पुढें त्याची प्रकृति ढासळली, व २९ मे १८२९ रोजीं जिनीव्हा येथें तो निवर्तला.

तत्त्व मात्र खोटें नव्हतें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडास जस्त चढविण्याचें पेटंट घेतलें. जस्ती पत्र्यास ओरखडा पडला तरी आधीं जस्त झिजतें. कथिलाच्या पत्र्यास पडला तर मात्र आधीं लोखंडच गंजतें. आज पोलादी जहाजांच्या तळास जस्ताचे ठोकळे व जमिनींत पुरलेल्या नळांस मॅग्नेशियम जोडतात, तें याच तत्त्वावर.

एका हानीवर उपाय योजतांना तिच्याबरोबर एखादा लाभही नाहींसा होतो काय, हें पाहावें, हा या चरित्राचा बोध होय. तसेंच, पहिल्या अपयशानें सत्य खोटें ठरत नाहीं; त्यास योग्य स्थळ मिळेपर्यंत कांहीं काळ जावा लागतो, इतकेंच.